कुंपणापलीकडचं पान

प्रबोध मेहेंदळेला कोणी सांगितलं नव्हतं, तरी तो रोज सकाळी उठून सिंगापूर सांभाळायला लागायचा. वन-नॉर्थला एका सॉफ्टवेअर कंपनीत मॅनेजर, बुओना व्हिस्टाजवळच्या कोंडोत, म्हणजे तिथल्या बंदिस्त सोसायटीत, स्वतःचा फ्लॅट, आणि मूळचं गाव म्हणाल तर पुणे, कोथरूड. पुण्यात असताना हाच माणूस नो-एंट्रीतून स्कूटर घालायचा आणि समोरून येणाऱ्यालाच शहाणपण शिकवायचा. इथे मात्र लिफ्टमध्ये कोणी ओल्या चपलांनी शिरलं, तरी याच्या जिवाची घालमेल व्हायची.

त्याला कारण होतं. राहायचा एम्प्लॉयमेंट पासवर, म्हणजे नोकरी आहे तोवर, आणि पीआरचा, म्हणजे कायम राहायच्या परवानगीचा, अर्ज दोनदा नाकारला गेलेला. का नाकारला ते इथे कोणी सांगत नाही. एक सभ्य पत्र येतं आणि विषय संपतो. दुसरा कोणी असता तर सरकारला चार शिव्या हासडून मोकळा झाला असता. प्रबोधने ठरवलं, की आपलं वागणंच अजून पुरेसं चांगलं नाही. तिसरा अर्ज टाकला आणि त्या दिवसापासून आपल्यावर वरून कोणीतरी सतत बघतंय अशा बेताने तो वावरू लागला. जेवतानासुद्धा म्हणे ताठ बसायचा!

कोंडोच्या कमिटीत सुरक्षेचं काम कोणालाच नको होतं. प्रबोधने हात वर केला. अध्यक्ष होत्या मिसेस लिम, सत्तरीच्या पुढच्या, नवरा गेलेला, कमिटीची मीटिंग लवकर संपावी एवढीच त्यांची माफक अपेक्षा. त्या म्हणाल्या, "गुड, गुड, यू डू." झालं, प्रबोधची निवडणूक संपली.

या कोंडोच्या मागच्या अंगाला कुंपण, कुंपणापलीकडे एक गटार आणि गटारापलीकडे रान. फार काही नाही, जुनी रेल्वे बंद झाली, रूळ उचलले गेले, आणि उरलेल्या पट्ट्यात झाडं माजली. त्यात रानडुकरं होती, घोरपडी होत्या, माकडं होती. एकदा एका रानडुकराने कोंडोचा कचऱ्याचा डबा उलटा केला आणि प्रबोधला आयुष्याचं ध्येय सापडलं. त्याने कमिटीकडून दोन ट्रेल कॅमेरे मंजूर करून घेतले. झाडाला बांधायचे, समोर काही हललं की आपोआप फोटो काढायचे आणि आतल्या सिमकार्डावरून थेट फोनवर पाठवायचे, असे ते कॅमेरे. ते त्याने स्वतः जाऊन बांधले. अंगभर डासांचं औषध, डोक्यावर टोपी, आणि चेहऱ्यावर सियाचीनला निघाल्याचे भाव.

मग सुरू झालं ते बातमीपत्र. दर शुक्रवारी सगळ्या रहिवाशांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर प्रबोध फोटो टाकायचा, खाली ओळ लिहून. 'घोरपड, पूर्ण वाढलेली, गटाराकडे जाताना.' 'रानडुक्कर, मादी, सोबत पिल्लं.' आणि त्यांच्याच रांगेत, 'माणूस, बाहेरचा, हातात पिशवी.' कारण कुंपणाच्या जाळीला एका ठिकाणी भोक होतं, आणि आसपासच्या बांधकामांवरचे मजूर तिथून आत येऊन मागच्या पार्किंगमधून बसस्टॉपला जायचे. मोठा वळसा वाचायचा बिचाऱ्यांचा. प्रबोधच्या लेखी ती घुसखोरी होती. एकदा त्याच भोकातून एक गोरा माणूस हाफपॅन्टीवर पळत आला, तेव्हा प्रबोधने खाली लिहिलं, 'रहिवासी, व्यायाम करताना.' तो गोरा या कोंडोत राहत नव्हता, कुठल्याच शेजारच्या कोंडोतही राहत नव्हता. पण विचारणार कोण!

त्याची बायको मधुवंती तांजोंग पगारला एका बँकेत होती. तिने एकदा जेवताना विचारलं, "प्रबोध, ही बाहेरची माणसं म्हणजे नक्की कोण रे?"

"ज्यांचा इथे राहायचा हक्क नाही ते."

"त्यांच्याकडे पास असतो ना?"

"अगं, पास असतो, पण तो वर्क परमिट. तात्पुरता."

"आणि आपला?"

प्रबोधने आमटी मागितली.

त्याच सुमारास कोंडोला रंग द्यायचं काम निघालं. वरून दोरांना पाळणा सोडून त्यात उभे राहून माणसं भिंती रंगवत होती. दुपारी ती खाली येऊन बार्बेक्यूच्या शेडमध्ये डबे उघडून बसायची, पंख्याखाली. प्रबोधने मीटिंगमध्ये मुद्दा मांडला, की रहिवाशांना संकोच वाटतो. कुठल्या रहिवाशाला, ते काही त्याने सांगितलं नाही. नियम झाला. मग ती माणसं कुंपणाच्या भोकातून पलीकडे जाऊन झाडाखाली जेवू लागली, आणि पुढच्या शुक्रवारी कॅमेऱ्यात सापडली. आधी शेडमधून हाकलायचं, आणि मग रानात का गेलात म्हणून फोटो छापायचा! धन्य तो प्रबोध.

आता या घरात आणखी एक व्यक्ती होती, प्रबोधची आई, सुमित्राबाई. तिचे यजमान श्रीनिवासराव मागच्या वर्षी गेले. वर्षश्राद्ध पुण्यात झालं आणि प्रबोध आईला लाँग टर्म पासवर इकडे घेऊन आला. बाई शाळेत गणित शिकवत असत. त्यामुळे बोलणं नेमकं, आणि उत्तर चुकलं तर सोडायच्या नाहीत. पितृपक्ष तोंडावर आला तेव्हा त्यांनी लेकाला समोर बसवलं.

"पंचमीला यांची तिथी आहे. पहिलाच पक्ष. कावळ्याचं पान ठेवायचंय."

"आई, इथे पक्ष्यांना खायला घालता येत नाही. कोंडोचा नियम आहे."

"कोणी केला?"

"तो आधीपासूनच होता. मी फक्त नोटीस बोर्डावर ठळक अक्षरांत लावला."

"शाबास!"

"हे बघ, पुण्यात एक संस्था आहे. नाव-गोत्र कळवलं की ते सगळं करतात. व्हिडिओपण पाठवतात."

"म्हणजे बाप तुझा, पान ठेवणार परका, आणि कावळा मी फोनवर बघायचा?"

"आजी, हिअर द क्रो ऑल व्हेरी फिअर्स, लाह," असं मध्येच नातीने, गार्गीने इथल्या शाळेतल्या इंग्रजीत सांगून टाकलं. प्रबोधने ऑफिसचा फोन आल्यासारखं केलं आणि गॅलरीत गेला. विषय त्याच्यापुरता मिटला होता.

सुमित्राबाईंचा मिटला नव्हता. दुसऱ्या दिवशी घरात एकट्याच असताना त्या खिडकीशी उभ्या राहून, मनातला राग मोठ्याने काढत होत्या. "एवढा शिकवला, एवढा मोठा केला, आणि बापाला घासभर भात घालायची याला चोरी!" तेवढ्यात खिडकीबाहेरून आवाज आला, "आजी, काय झाला?"

नववा मजला! बाईंची बोबडीच वळली. बघतात तर पाळण्यात एक माणूस उभा, हातात रंगाचा रोलर, डोक्याला हेल्मेट, आणि धुरामुळे तोंडाला फडकं. सुमात्रातल्या जंगलांच्या आगीचा धूर त्या दिवसांत सगळ्या सिंगापुरावर बसला होता. माणसाने फडकं खाली ओढलं आणि हसला.

"घाबरू नका. मी बाबाजी. देवरुखचा."

"अरे मेल्या, जीव गेला असता माझा!"

"मराठी ऐकलं नि राहवलं नाही. इथं आमच्यात सगळे तमिळ नि बंगाली. दोन वर्षांत कोण असा ओरडला नाही माझ्यावर."

झालं! तिथून पुढे बाबाजीचा पाळणा त्या खिडकीशी जरा जास्तच वेळ थांबायला लागला. बाई त्याला खिडकीतून लाडू द्यायच्या. तो घरच्या गोष्टी सांगायचा, बायको, दोन पोरी, अर्धवट राहिलेलं घर. कर्ज काढून एजंटाला पैसे देऊन आलेला, तेव्हा निदान आणखी दोन-तीन वर्षं इथे काढल्याशिवाय घरी तोंड दाखवायची सोय नव्हती. बाईंनी त्याला कावळ्याच्या पानाचं सांगितलं. "त्यात काय आजी? आम्ही जेवतो तिथं रानात कावळेच कावळे. वड्याचा तुकडा हातातनं न्यायला बघतात."

पंचमीला प्रबोध ऑफिसला गेला, गार्गी शाळेत. मधुवंतीने सकाळी उशिरा येते म्हणून बँकेत कळवलं आणि सासूबरोबर स्वयंपाक केला. वडे, तांदळाची खीर, आमसुलाची चटणी, भोपळ्याची भाजी, सगळं साग्रसंगीत. "पान ठेवणार कुठे, आई?" तिने विचारलं. "तू जा ऑफिसला. तुला माहीत नसलेलं बरं," बाई म्हणाल्या. मधुवंती शहाणी होती, ती गेली.

केळीच्या पानाचा तुकडा ताटात घेऊन त्यावर सगळं वाढून, बाई मागच्या कुंपणाशी आल्या. ताट साधं स्टीलचं, पण श्रीनिवासराव शेवटपर्यंत त्यातच जेवले, म्हणून बाईंनी ते पुण्याहून पेटीत घालून आणलेलं. भोकातून वाकून जाणं त्यांना जमलं असतं, पण पलीकडचं गटार ओलांडणं गुडघ्यांना शक्यच नव्हतं. बाबाजी तिथे वाट बघत होता. हात धुऊन आला होता, हेल्मेट काढून ठेवलं होतं.

"द्या, मी ठेवतो. चालंल ना माझ्या हातनं?"

"न चालायला काय झालं? ठेव बाबा. आणि थांब तिथे, शिवेपर्यंत."

तो गेला. झाडांमुळे बाईंना काही दिसेना. जाळीला धरून त्या उभ्या राहिल्या. नवऱ्याला मनातल्या मनात म्हणाल्या, की अहो, आता इथे आलाय तर रुसून बसू नका, परक्या मुलुखात मला कोणाला विचारायची सोय नाही. तेवढ्यात पलीकडून हाक आली, "आजी, शिवला! ठेवला नि लगेच शिवला!" आणि सुमित्राबाई, ज्यांनी नवरा गेल्यावर चारचौघांत डोळ्यांना पदर लावला नव्हता, त्या कुंपणाशी उभ्या राहून ओक्साबोक्शी रडल्या. वर्षभर जे छातीवर होतं ते उतरलं. बाबाजीच्या जेवणाची सुट्टी संपली होती. "ताट कावळ्यांचं होऊ दे, संध्याकाळी धुऊन आणतो," असं सांगून तो पळाला.

कॅमेऱ्याने आपलं काम चोख केलं होतं. प्रबोध मीटिंगमध्ये असताना त्याच्या फोनवर फोटो येऊन पडले. पहिल्यात रंगकाम करणारा एक मजूर, वाकून, हातात ताट. दुसऱ्यात तोच मजूर, तोंड वर करून कोणाला तरी हाका मारतोय. आणि तिसऱ्यात रानडुकराची मादी, पिल्लांसकट, ताटात तोंड घालून. प्रबोधला काय आनंद झाला म्हणून सांगू! इतक्या महिन्यांची तपश्चर्या फळाला आली होती. रानडुकरं कोंडोकडे का येतात, त्याचा पुरावा हातात होता, चेहऱ्यासकट. मीटिंग संपेपर्यंत थांबवेना. टेबलाखाली फोन धरून त्याने तिथूनच मेल टाकली: कमिटीला, कोंडोच्या मॅनेजरला, आणि रंगकामाच्या कंत्राटदाराला. 'हा कामगार वन्य प्राण्यांना खायला घालताना आढळला आहे. तो आमच्या आवारात पुन्हा दिसू नये.' खाली सही, पदासह.

संध्याकाळी घरी आला तो शीळ घालत. पानावर बसला, वडे खाल्ले, खिरीची वाटी दोनदा भरून घेतली. "आई, खीर झकास! बाबांना आवडायची तशीच." मग शुक्रवारच्या बातमीपत्रासाठी फोटो नीट करायला लॅपटॉप पुढ्यात ओढला. मजूर खायला नेमकं काय घालतोय ते मोठं करून दाखवावं, म्हणून त्याने ताटावर फोटो वाढवला. भात दिसला. वडा दिसला. आणि ताटाच्या काठावर काहीतरी कोरलेलं दिसलं. आपल्याकडे भांडं द्यायचं तर त्यावर नाव घालून देतात, तशी ती अक्षरं होती, ठिपक्या-ठिपक्यांची. प्रबोधने आणखी वाढवलं आणि वाचलं: 'चि. प्रबोध यास मुंजीनिमित्त, कुसुमआत्याकडून.'

प्रबोधने लॅपटॉप खटकन मिटला.

"आई," तो म्हणाला, "माझं मुंजीचं ताट कुठंय?"

"बाबाजी आणून देणारे धुऊन."

"बाबाजी कोण?"

बाईंनी सगळं सांगितलं, काही लपवलं नाही. लपवायची त्यांना सवयच नव्हती. कावळा लगेच शिवला, हेही सांगितलं. मग प्रबोधने आपण केलेली मेल सांगितली.

मग बाई म्हणाल्या, "बरं. मग लिही आता त्यांना, की ताट माझ्या आईचं होतं, तिनेच पाठवलं होतं, त्या माणसाचा काही दोष नाही."

"लिहितो."

"आत्ता."

"आई, असं नसतं गं. जरा वेळ बघून लिहावं लागतं."

"त्यात वेळ काय बघायची? एका ओळीचं काम आहे."

"अगं, माझा अर्ज आत आहे! सुरक्षा समितीवरच्या माणसाची आईच रानडुकरांना जेवू घालते, असं कुठे नोंदलं गेलं तर? तू पण पासवर आहेस. आणि लोक काय म्हणतील? कावळ्याला जेवण, पितर, हे यांना समजावणार कसं? हसतील!"

"डुकरांना नाही घातलं मी. तुझ्या बापाला घातलं."

"तेच तर! ते मी इंग्रजीत कसं लिहू?"

मधुवंती म्हणाली, "प्रबोध, त्या माणसाची नोकरी जाईल." तर हा म्हणतो, "नाही गं जात इतक्यात. फार तर दुसऱ्या साइटवर पाठवतील. उद्या बघतो." आणि लॅपटॉप घेऊन आत गेला.

आत जाऊन त्याने लिहायला घेतलं, हे खरं आहे. 'डिअर ऑल' इतकं लिहून झालं. मग तो बराच वेळ पडद्याकडे बघत बसला. शेवटी त्याने तो फोटो उघडला आणि ताटाचा नाव असलेला काठ कापून टाकला. देवनागरी वाचणारं त्या कमिटीत त्याच्याखेरीज एक माणूस नव्हतं, तरीही कापला. आणि 'नोंदीसाठी स्पष्ट प्रत' म्हणून तो कापलेला फोटो सगळ्यांना पुन्हा पाठवून दिला. भित्रेपणा करतानासुद्धा नीटनेटका, हा आपला प्रबोध!

उद्याचा परवा झाला, परवाचा आणखी कधी. प्रबोध रोज सकाळी म्हणे, "आज लिहितो," आणि रोज संध्याकाळी ऑफिसात फार काम असे. खिडकीशी पाळणा आला तेव्हा त्यात दुसराच माणूस होता. सुमित्राबाईंनी हिंदीत विचारलं, "बाबाजी कहाँ है?"

"वो गया आंटी. कंपनीने परमिट कॅन्सल किया. कल की फ्लाइट से भेज दिया."

त्या माणसाने पायाशी ठेवलेलं, वर्तमानपत्रात गुंडाळलेलं काहीतरी उचलून आत दिलं. "ये आपको देने को बोला. सुपरवायझर पूछा, प्लेट किसका है? वो बोला, मेरा है."

ताट घासून लख्ख केलेलं होतं. बाईंनी ते त्या रात्री जेवणाच्या टेबलावर प्रबोधच्या पुढ्यात ठेवलं आणि त्यांना जे कळलं होतं ते सांगितलं. प्रबोध म्हणाला, "अरेरे!" मग म्हणाला, "मी आजच लिहिणार होतो." मग म्हणाला, "त्याला तिकडे काही ना काही मिळेल गं." बाई उठून आपल्या खोलीत गेल्या. लेकाशी त्या बोलेनाशा झाल्या.

दुसऱ्या दिवशी त्यांनी चांगलं लुगडं नेसलं आणि सरळ मिसेस लिमचं दार वाजवलं. शाळेतलं इंग्रजी होतं, गंजलेलं, पण वाक्यं धड होती. माय हजबंड डाइड. दिस इज हिज फूड. आय गेव्ह. द मॅन ओन्ली कॅरीड. मिसेस लिम दारात उभ्या राहून ऐकत होत्या. मग त्यांनी बाईंचा हात धरून आत नेलं आणि नवऱ्याच्या फोटोपुढे उभं केलं. फोटोपुढे संत्री होती, चहाचा पेला होता, भाताची वाटी होती.

"माझा नवरा," मिसेस लिम म्हणाल्या. "गेल्या महिन्यात आमचा सातवा महिना होता, पितरांचा. मी पण खालच्या हिरवळीवर त्याच्यासाठी जेवण ठेवलं. सगळे ठेवतात. आणि आँटी, युवर सन नोज! पितरांच्या नावाने कागद जाळायचा डबा कुठे ठेवायचा, ते त्यानेच ठरवलं. व्हाय ही नेव्हर से?"

हेही खरंच होतं. त्या डब्याचं परिपत्रक प्रबोधच्याच सहीने निघालं होतं, आगीपासून घ्यायच्या काळजीसकट. शंभर घरं दरवर्षी आपल्या पितरांना त्याच्या डोळ्यांदेखत जेवायला घालत होती, आणि हा आपल्या बापाचं पान इंग्रजीत कसं सांगावं म्हणून आत घाम पुसत बसला होता. एक ओळ लिहिली असती तर कोणी हसलं नसतं. बाबाजी आज त्या पाळण्यात असता.

मिसेस लिमनी कंत्राटदाराला बाईंच्या समोरच फोन लावला. तिकडून उत्तर आलं, की माणूस गेला, परमिट रद्द झालं, त्याच्या जागी दुसरा लावलाय, आता काही होणार नाही. मग त्यांनी प्रबोधला बोलावून घेतलं. त्या रागावल्या असत्या तर बरं झालं असतं. त्यांनी फक्त विचारलं, "यू शाय, आह?" आणि प्रबोधला हो म्हणावं लागलं.

एखाद्याने तोंड लपवलं असतं. पण प्रबोध मेहेंदळे हा मॅनेजर होता, आणि चूक झाली की तिचा उपक्रम कसा करायचा हे त्याला पगारासाठी शिकवलेलं होतं. त्याच शुक्रवारी बातमीपत्र निघालं. डुकरं नाहीत, मजूर नाहीत, फक्त घोषणा: सर्वपित्री अमावास्येला कोंडोतर्फे मागच्या हिरवळीवर पितरांसाठी अधिकृत टेबल, सर्व धर्मांच्या रहिवाशांचं स्वागत, संकल्पना प्रबोध मेहेंदळे. खाली पितृपक्षाची माहिती, व्यवस्थित इंग्रजीत. बघा, लिहिता येत होतं! मधुवंतीने ते वाचलं आणि म्हणाली, "बाबाजीबद्दल एक शब्द नाही यात." तो म्हणाला, "आता ते काढून काय उपयोग? पॉझिटिव्ह ठेवू या ना." अर्जाला जोडायला फोटो चांगले निघतील, हेही त्याच्या मनात होतं, आणि तेवढ्यापुरतं त्याने बायकोला बोलूनही दाखवलं.

अमावास्येला धूर जरा कमी होता. हिरवळीवर पांढरी चादर घातलेलं टेबल, वर सूचनाफलक, भोवती माणसं. कोणी संत्री आणली होती, कोणी उदबत्त्या, एका तमिळ कुटुंबाने भाताचे गोळे आणले होते. प्रबोध रेशमी झब्बा घालून सगळ्यांना जागा दाखवत होता. कोणाचा तरी भाचा कॅमेरा घेऊन फोटो काढत होता. सुमित्राबाई आल्या, साधी पांढरी साडी, हातात द्रोणात घातलेला दहीभात आणि वर वडा. त्या येणार की नाही याची मधुवंतीला धाकधूक होती. प्रबोधला तसं काहीच वाटलं नव्हतं. आई आली म्हणजे राग गेला, असा त्याचा सोपा हिशोब.

"या, या!" असं म्हणून तो पुढे झाला. द्रोण घ्यायला दोन्ही हात पुढे केले आणि मान वळवून कॅमेऱ्याकडे बघून हसला. मुलाने बापाचं पान ठेवायचं, हा फोटो त्याला मध्यभागी हवा होता.

बाईंनी द्रोण दिला नाही.

"हात मागे घे, प्रबोध," त्या म्हणाल्या. आवाज वर्गाच्या शेवटच्या बाकापर्यंत जाईल असा. "हे पान तुझ्या हातून जायचं नाही. तुझ्या बापाला ज्याने घास घातला, त्याच्या तोंडचा घास तू काढलास. आणि एक ओळ लिहायला तुला लाज वाटली. मी आहे तोवर तू यांचं पान ठेवायचं नाहीस. मी गेल्यावर माझंही ठेवू नकोस."

आणि त्याच्या पुढ्यातून वळून त्या टेबलाशी गेल्या, द्रोण ठेवला, हात जोडले.

हिरवळीवर सगळे थांबले होते. शब्द कोणाला कळले नव्हते, पण आवाज कळला होता. मधुवंती नवऱ्याकडे बघत होती. त्याचे दोन्ही हात अजून तसेच पुढे होते, रिकामे. मिसेस लिमनी जवळ येऊन हळूच विचारलं, "व्हॉट युवर मदर से?"

प्रबोधने हात खाली घेतले. चेहऱ्यावर हसू परत आणलं.

"शी सेज थँक यू," तो म्हणाला. "टु एव्हरीबडी."

मिसेस लिमना फार बरं वाटलं. त्यांनी टाळ्या वाजवल्या, आणि मग सगळ्यांनीच वाजवल्या.